सहाशे वर्षांची चांदी आणि साळूचा टाक

वाईहून चिंचवडला निघालो तेव्हा निम्मी गल्ली मला पोचवायला मोटारतळावर आली होती. निम्मी म्हणजे तिघं, आणि त्यातला एक तिथंच चहा विकतो. तरीही मी खिडकीतून हात असा हलवला की शेजारच्या बाईनं विचारलं, "आगबोटीनं जाणार का?" मी "व्हय" म्हणून टाकलं. प्रवासाची सुरुवात अशीच व्हावी.

माझा धंदा सोनाराचा, त्यातही टाक उठवण्याचा. देव्हाऱ्यातले चांदीचे देव, आणि देवाघरी गेलेली माणसंसुद्धा, बोटभर पत्र्यावर ठोकून उभी करायची. चिंचवडला माझा मावसभाऊ दत्तू हेच काम करतो. ऐन लग्नसराईत तो टांग्यातून पडला आणि त्याचा उजवा हात मोडला. त्याचं पत्र आलं, डाव्या हातानं लिहिलेलं. अक्षर पाहून वाटलं, कोंबडीच शाईत पडून कागदावरून पळाली. मजकूर एवढाच समजला: "ये."

चिंचवड

वाईकरांना नदी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पण चैत्रातली पवना पाहून मला तिचं सुतक धरावंसं वाटलं. खडकाच्या बेचक्यात पाण्याची चार थारोळी, आणि प्रत्येक थारोळ्यावर धुणं धुणाऱ्या सात बाया. पलीकडं पिंपरीच्या माळावर निर्वासितांची वसाहत. तिथली सिंधी माणसं बराकींतून राहत आणि भल्या पहाटे पापड विकायला चिंचवडात येत. त्यातल्या एका म्हाताऱ्याला मी विचारलं, "गाव कुठलं?" त्यानं एक नाव सांगितलं आणि लगेच म्हणाला, "अब नहीं है." गाव आहे की नाही असं मी विचारलंच नव्हतं.

त्याच माळाच्या कडेला औषधाचा मोठा कारखाना नुकताच सुरू झाला होता. वारं तिकडून आलं की गावभर शिळ्या आंबिलीसारखा वास सुटायचा. दत्तू म्हणाला, "तिथं बुरशी पिकवतात." मी म्हणालो, "आमच्याकडं लोणच्यावर फुकट पिकते." दत्तू हसला नाही. हात दुखत असला की माणूस हसत नाही, आणि त्याला त्या हाताची काळजी होती. बोटं वळत नव्हती.

"उद्या महाळुंग्याला जा," तो म्हणाला. "मारुतीचं घर विचार. सवतीचा टाक करायचाय. चार दिवसांवर लग्न आहे."

आमच्या वाईकडं गेलेल्या बायकोचा टाक देव्हाऱ्यात बसतो. इकडच्या काही घरांत रीत अशी, की बायको मेली आणि नवऱ्यानं दुसरी केली, तर पहिलीचा टाक दुसरीनं गळ्यात घालायचा, तोही लग्नाला निघण्यापूर्वी, माहेरच्या उंबऱ्याच्या आत. म्हणजे पहिली रुसत नाही. आणि चांदी पहिलीच्याच मालकीची हवी. बाजारची चालत नाही. शिवाय ती घरच्यांच्या डोळ्यांसमोर आटवायची. ही शेवटची अट देवापेक्षा आम्हा सोनारांसाठी आहे, हे मी कबूल करतो.

महाळुंगे

भोसरीपर्यंत टांगा, तिथून चाकणला जाणारी एसटी. टांग्याचं घोडं इतकं वाळलेलं, की मी माझा पंचा त्याच्या फासळीवर वाळत घातला असता. चाकणच्या बाजारात कांद्याचे ढीग एवढे उंच, की कावळे वर जाताना मध्ये एकदा विसावा घेत होते. तिथून दोन कोस उन्हात चाललो. दोन्ही बाजूंना नांगरून उताणी पडलेली काळी शेतं, एखादी बाभूळ, आणि माणूस नाही. महाळुंग्यात शिरलो तेव्हा माझ्या सावलीलाही तहान लागली होती.

मारुती तिशीचा गडी, अंगानं दणकट, पण बोलताना जमिनीकडं बघणारा. घरात तो आणि त्याची आई. म्हातारीनं मला हुलग्याचं माडगं, बाजरीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा वाढला. ठेचा खाल्ला आणि मला माझे पणजोबा दिसले. पोटात पडल्यावर माझी जीभ सुटली. माझ्या आज्यानं उठवलेल्या देवीच्या टाकानं पुजाऱ्याकडं बघून पापणी कशी हलवली, एका संस्थानिकाच्या हत्तिणीला मी नथ कशी केली आणि ती कशी लाजली, सगळं देवाची शपथ घालून सांगितलं. म्हातारी खदखदून हसली. "लई थापा मारतोस रं तू सोनारा!" मला फार बरं वाटलं. त्या घरात बऱ्याच दिवसांत कोणी हसलं नसावं असं छपराकडं बघून वाटत होतं.

मग मी म्हणालो, "आणा चांदी."

मारुतीनं आईकडं पाहिलं. म्हातारीनं कणगीमागून चिंधी काढली, सोडली, आणि माझ्या तळहातावर एक वस्तू ठेवली. मी ती उजेडाकडं धरली.

जुन्या रुपयाएवढं चांदीचं कडं. त्याला आडवी टाचणी, पदर टोचून धरायला असावी तशी. कड्यावर कसलीतरी अक्षरं, आपली नव्हेत, इंग्रजी पाटीवर असतात तशीही नव्हेत. आणि वर, जिथं कड्याची दोन टोकं मिळतात तिथं दोन हात. एकानं दुसऱ्याला धरलेले. तांदळाच्या दाण्याएवढे हात, पण बोटं मोजून घ्यावीत, आणि अंगठ्यावर नखसुद्धा. मी आजवर हजारो टाक उठवले, पण एकाच्याही हाताला नख काढलेलं नाही. हत्तिणीची नथ खोटी, पण हे खरं सांगतो, मला त्या क्षणी माझ्या हातांची लाज वाटली.

"हे कुठलं?"

"तिचंच," म्हातारी म्हणाली. "साळूचं. पिंपरीला कारखान्यातल्या मडमेकडं कामाला व्हती. तापानं फणफणत घरी आली, नवव्या दिशी गेली. जोडव्यांसकट जाळली. मागनं बोचक्यात ह्ये घावलं."

"मडमेनं दिलं असेल."

"मडम चांदी दील व्हय मोलकरणीला?" म्हातारी फिसकारली. "चोरलं भवानीनं. म्हनून तर धाव्याला कावळा शिवला न्हाई. दीस कलला, शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला."

मारुती म्हणाला, "मामा, आटवून टाका. वस्तू ऱ्हाईली तर एक दिस फौजदार दारात यील. टाक झाला म्हंजी ती बी सुटली आन आमी बी सुटलो."

त्यानं "चोरलं" असं स्वतःच्या तोंडानं म्हटलं नाही. पण वर्षभर त्यानं तिचा टाक केला नव्हता, हे त्याचं म्हणणंच होतं. आताही केला नसता. नव्या नवरीच्या माणसांनी टाकाशिवाय पोरगी देणार नाही असं बजावलं, म्हणून मला बोलावलं.

ती वस्तू आटवायला माझा हात धजेना. कुठल्या सोनारानं, कुठल्या मुलखात, कसल्या उजेडात बसून ते नख कोरलं, ते मला जाणून घ्यायचं होतं. मी बटव्यातली लाख गरम केली, वजनाचा अंदाज घेतो असं सांगून वस्तू त्यावर दाबली आणि छाप उठवून घेतला. मग डबी उघडून कपाळावर हात मारला. "टाकणखार संपला! त्याशिवाय चांदी वितळत नाही. चिंचवडहून घेऊन परवा येतो." डबीत टाकणखार होता. मी झाकण फार चपळाईनं लावतो.

पिंपरी

साहेबलोकांचे बंगले कारखान्यामागं एका रांगेत होते. पहिल्या तीन बंगल्यांवरून मला हुसकावलं. एका ठिकाणी कुत्र्यानं माझ्या धोतराचा वीतभर सोगा ठेवून घेतला. चौथ्या दाराशी एक उंच, पांढुरक्या केसांची बाई स्वतःच झाडांना पाणी घालत होती. डेन्मार्क म्हणून थंड मुलूख आहे, तिथली ही. नवरा लढाईत गेलेला. इथं कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करायची. हिंदी बाजारापुरती येत होती, आणि माझी तिच्याहून वाईट, त्यामुळं आमचं छान जमलं.

मी लाखेचा छाप पुढं केला. तिच्या हातातली झारी पडली.

"सालू!" ती म्हणाली. "सालू किधर है?"

"मर गयी," मी म्हणालो. "एक साल हुआ."

ती पायरीवर बसली. मग आत नेऊन तिनं मला काळी कॉफी दिली आणि काळ्याच रंगाचा पाव. पाव चावताना माझी दाढ हलली, पण त्या वेळी हे सांगण्यासारखं नव्हतं.

हळूहळू, शब्द शोधत तिनं जे सांगितलं ते असं. तिला विषमज्वर झाला होता. बंगल्यातली बाकीची माणसं भीतीनं दूर झाली. साळू एकटी उशाशी बसून राहिली, अकरा दिवस, कपाळावर ओल्या घड्या ठेवत. ती वस्तू बाईच्या आजोबांना शेत नांगरताना मिळाली होती. तिकडचे जाणकार म्हणाले, सहाशे वर्षांची आहे. जुन्या काळी माणूस आपल्या बाईला वचन देताना ही द्यायचा. ती गळ्याशी अंगरख्याला टोचायची. अक्षरांत त्यांच्या देवाच्या आईचं नाव होतं. आजीकडून आईकडं, आईकडून हिच्याकडं आलेली. मूलबाळ नव्हतं. बरी झाल्यावर हिनं ती साळूच्या हातात ठेवली.

"वो नहीं लेती थी," बाई म्हणाली. "हम हाथ बंद किया उसका. ऐसे." आणि तिनं माझी मूठ धरून मिटली.

साळू गावी म्हणून गेली, ती परतलीच नाही. बंगल्यावरच्या ड्रायव्हरनं सांगितलं, काम सोडलं.

"हम समझा," बाई म्हणाली. "हम समझा, चांदी मिला तो सालू चला गया." तिनं तोंड फिरवलं.

म्हणजे इथं आणि तिथं, दोन्ही घरांत, साळू वर्षभर वाईट ठरली होती. आणि ताप तिनं कुठून नेला, हे आम्ही दोघंही बोललो नाही.

मी तिला महाळुंग्याची हकिगत सांगितली. ती तडक निघायला उठली, पण त्याच संध्याकाळी तिला मुंबईला जायचं होतं. दुसऱ्या दिवशी तिची मायदेशाची बोट होती, कायमची. तिच्या खोलीत ट्रंका दोरानं बांधलेल्या मी पाहिल्या. तिनं एक कागद घेतला, चार ओळी लिहिल्या, खाली सही केली. "दिया है, ऐसा लिखा," ती म्हणाली. लाखेचा छाप मात्र तिनं मागून घेतला. मी दिला.

पुन्हा महाळुंगे

दुसऱ्या दिवशी त्या दोन कोसांच्या वाटेवर मी जवळजवळ धावत होतो. माझ्याकडं सांगायला आयुष्यात पहिल्यांदा अशी गोष्ट होती, की जिला मीठमसाला लावायची गरज नव्हती.

ओसरीवर बसलो आणि सगळी सांगितली. अकरा दिवस, ओल्या घड्या, मिटलेली मूठ. समोर पाहिलं तर म्हातारी गालातल्या गालात हसत होती.

"हत्तीनीच्या नथीपरीस ही ब्येस जमली," ती म्हणाली.

"अहो, देवाशपथ खरं आहे!"

"परवा बी देवाचीच शपथ घातलीस. ती पापनी हालवनारी देवी."

मी घाईनं कागद काढला. तिथं माझी मोठी चूक झाली. मारुतीनं कागद पाहिला, इंग्रजी अक्षरं पाहिली, खालची सही पाहिली, आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"तुमी बंगल्यावर गेलता? आमचं नाव सांगितलं?"

"अरे, तिनं लिहून दिलंय, की—"

"लिहून दिलंय!" तो किंचाळलाच. "मामा, काय क्येलं ह्ये? आमच्या चुलत्याला असाच कागुद आलता इंग्रजी. येरवड्याला गेला त्यो."

"दत्तूकडं चल, कोणी शिकलेला वाचून दाखवील. मडमेच्या बंगल्यावरचा माणूस सांगेल."

"म्हंजी सोताच्या पायानं जाऊ व्हय?"

मी आणखी काही बोलायच्या आत कागद त्याच्या हातात होता, आणि पुढच्या क्षणी शेगडीत. चांगला जाड कागद होता. सावकाश जळला.

म्हातारी आता हसत नव्हती. "सोनारा, लगीन उद्या हाय. आटिवतोस, का चाकनचा दुसरा आनू?"

दुसरा आला असताच. मी मूस शेगडीत ठेवली. वाचणाऱ्यांना वाटेल, आता हा गडी हातचलाखी करणार, वस्तू बाहीत आणि आपल्या पदरची चांदी मुशीत. मला ती कला येते, आणि चांगली येते. दोघं डोळ्यात तेल घालून बसली होती, तरी मला ते जमलं असतं. मनात आलंही. पण मग त्या टाकात साळूचं काहीच राहिलं नसतं. तिला एकच वस्तू कोणीतरी मूठ मिटवून दिली होती, तीही मीच काढून घेतली असती, आणि चोर मात्र तीच राहिली असती. मी वस्तू मुशीत ठेवली आणि फुंकणी तोंडाला लावली.

टाचणी आधी वाकली. मग अक्षरं गेली. हात शेवटपर्यंत एकमेकांना धरून होते, मग एकदम दोन्ही मिळून एक थेंब झाला. सहाशे वर्षं, आणि विडा रंगायला लागतो तेवढा वेळ.

लगड ठोकून पत्रा केला आणि ठशावर उठवला. बाईचा माझ्याजवळ एकच ठसा आहे, आज्यानं कोरलेला. गोल तोंड, मोठे डोळे, छातीशी जोडलेले हात. चाळीस गावांतल्या मेलेल्या बायका त्या एकाच तोंडाच्या आहेत. मारुतीनं टाक हातात घेऊन पाहिला.

"ती अशी नव्हती," तो म्हणाला.

"कशी होती?"

त्यानं टाक माझ्या हातात परत दिला. उठून गोठ्यात गेला.

थेरगाव

लग्नाच्या सकाळी टाक नवरीच्या घरी सोनारानंच पोचवायचा असतो. थेरगावात मारुतीच्या दारापेक्षा जास्त माणसं होती, मांडव होता, पोरं ओरडत होती. मला गुळपाणी मिळालं. नवरीचं नाव शेवंता. बाविशीची, म्हणजे त्या काळच्या मानानं थोराड. एकदा ठरलेलं लग्न मोडलेलं. हळद लावलेल्या अंगानं ती आतल्या खोलीत पाटावर बसली होती. मावशीनं तबक ठेवलं आणि काळा दोरा आणायला बाहेर गेली. आम्ही दोघंच राहिलो.

तिनं टाक उचलला. "ही चोर व्हती म्हनं."

"कोण म्हणालं?"

"सासूबाईंनीच मावशीला सांगितलं. पोरीला म्हनावं, हिच्यावानी हात लांब करू नगं." तिनं माझ्याकडं पाहिलं. "मामा, खरं सांगा. मला ही जल्मभर गळ्यात वागवायची हाय."

मी सांगितलं. एक शब्द वाढवला नाही. सांगता सांगता वाटत होतं, किती छोटी गोष्ट आहे ही, पाच वाक्यांत संपते.

"त्यांना सांगितलं न्हाई हे?"

"सांगितलं. विश्वास बसला नाही."

"का?"

"आधी मी त्यांना फार हसवलं होतं."

तिनं टाक तळहातावर उपडा केला, सुलटा केला. मला वाटलं, हिचा तरी विश्वास बसला. बसलाही होता. तेच वाईट झालं.

"सांगितलं नसतं तर बरं व्हतं, मामा," ती म्हणाली. "म्हातारी उठता-बसता हिला चोर म्हननार. मी ऐकून गप बसायचं. ठावं नसतं तर गप बसणं सोपं व्हतं."

मी पंच्यानं तबकाची कड पुसत बसलो.

मावशी दोरा घेऊन आली. शेवंतानं मान वाकवली. गाठ बसली आणि मावशी म्हणाली, "अगं, उलटा बसला की. तोंड आत ग्येलं तिचं. थांब, फिरवते."

शेवंतानं टाकावर हात ठेवला.

"असू दे, मावशी," ती म्हणाली. "बोलनाऱ्यांकडं पाठ तरी ऱ्हाईल तिची."